कृष्णाकाठची कावीळ: पाच विषाणू वेगळे कसे ओळखले गेले

सांगली-मिरज परिसरात ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 मध्ये महापूर आला. असे पाणी ओसरताच जुलाब आणि गॅस्ट्रोच्या साथीकडे सर्वांचे लक्ष लागते. दूषित पाण्यातून होणारी कावीळ मात्र उशिरा दिसते, कारण हिपॅटायटिस म्हणजे यकृताची सूज आणणाऱ्या विषाणूंपैकी ‘ए’ची लक्षणे संसर्गानंतर साधारण चार आठवड्यांनी आणि ‘ई’ची पाच ते सहा आठवड्यांनी उमटतात. तोपर्यंत गावातला चिखल निघालेला असतो आणि पाणी उकळण्याची शिस्तही सैल झालेली असते.

कावीळ हे यकृताला सूज आल्याचे केवळ लक्षण आहे, आणि ही सूज आणणारे विषाणू अनेक आहेत हे समजायला विसावे शतक बरेच पुढे सरकावे लागले. 1942 मध्ये मानवी रक्तद्रव मिसळलेल्या पीतज्वराच्या लसीमुळे सुमारे 50,000 अमेरिकी सैनिकांना कावीळ होऊन रुग्णालयात दाखल व्हावे लागले, तेव्हा रक्तातून पसरणारी कावीळ निराळी असते हे ठळकपणे पुढे आले. 1947 मध्ये संशोधक मॅककॅलम यांनी दूषित अन्नपाण्यातून पसरणारी आणि रक्तातून पसरणारी या दोन प्रकारांना अनुक्रमे ‘ए’ आणि ‘बी’ अशी नावे सुचवली. ‘बी’चा पृष्ठभागीय प्रतिजन (विषाणूच्या बाहेरच्या आवरणातले प्रथिन) अमेरिकी संशोधक ब्लमबर्ग यांच्या संशोधनातून 1960च्या दशकात हाती आला, तर ‘ए’चा विषाणू 1973 मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसला. ‘बी’ असल्याशिवाय ज्याची वाढच होत नाही तो ‘डी’ 1977 मध्ये आढळला. रक्त चढवल्यानंतरच्या अनेक काविळींचे मूळ असलेला ‘सी’ 1989 मध्ये ओळखला गेला.

‘ई’चा इतिहास मात्र भारताच्या पाण्याशी बांधलेला आहे. 1955च्या अखेरीस दिल्लीत यमुनेचे सांडपाणीमिश्रित पाणी वझिराबादच्या जलशुद्धीकरण केंद्रात शिरले आणि पुढे सुमारे 29,000 लोकांना कावीळ झाली. क्लोरीनची मात्रा वाढवल्यामुळे विषमज्वराची साथ टळली, पण कावीळ रोखता आली नाही. जिवाणूंना पुरेसे पडणारे क्लोरीन या विषाणूला पुरले नाही, आणि पूरग्रस्त भागाने हा अनुभव विशेष लक्षात ठेवायला हवा. ही साथ दीर्घकाळ ‘ए’चीच मानली गेली. 1980 मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेतील संशोधकांच्या सहभागाने जपून ठेवलेले रक्तनमुने तपासले गेले, तेव्हा ती ‘ए’ची नव्हती आणि ‘बी’चीही नव्हती हे सिद्ध झाले. त्याच सुमारास डॉ. मोहम्मद सुलतान खुरू यांनी काश्मीरमधील 1978च्या साथीवरून असाच निष्कर्ष मांडला. गर्भवती स्त्रियांमध्ये, विशेषतः शेवटच्या तिमाहीत, ‘ई’ जीवघेणा ठरतो, हे या साथींचे सर्वांत वेदनादायक वास्तव होते. सांगलीला लागून असलेल्या कोल्हापूर जिल्ह्यात, इचलकरंजी येथे 2012 मध्ये याच विषाणूची साथ येऊन मृत्यू झाले.

ग्रामीण भागात आजही काविळीवर माळ घातली जाते किंवा झाडपाल्याचे औषध दिले जाते. ‘ए’ आणि ‘ई’चे बहुतेक रुग्ण विश्रांतीने आपोआप बरे होतात, त्यामुळे माळेला यश मिळाल्यासारखे वाटते, पण तीच माळ ‘बी’ किंवा ‘सी’च्या रुग्णाची वर्षे वाया घालवते. हे दोन्ही विषाणू रक्त, दूषित सुया आणि लैंगिक संबंधांतून पसरतात, आईकडून बाळालाही होऊ शकतात, आणि डोळे पिवळे न होताही यकृतात राहून पुढे सिरॉसिस (यकृत कायमचे निबर होणे) किंवा कर्करोगापर्यंत नेऊ शकतात.

रक्ततपासणीत बिलिरुबिन (काविळीचा पिवळा रंग आणणारे द्रव्य) आणि एसजीपीटी (यकृताला इजा झाल्यावर रक्तात वाढणारे विकर) वाढलेले दिसले तरी त्यावरून विषाणू कोणता ते कळत नाही. ‘ए’ आणि ‘ई’साठी रक्तातील आयजीएम प्रतिपिंडे (ताज्या संसर्गाविरुद्ध शरीराने तयार केलेली संरक्षक प्रथिने) पाहतात. ‘बी’साठी पृष्ठभागीय प्रतिजन तपासतात, आणि तो आढळल्यास ‘डी’चीही चाचणी करतात. ‘सी’ची प्रतिपिंडे सापडली तरी विषाणू अजून शरीरात आहे की नाही हे ठरवायला विषाणूचे जनुकीय द्रव्य शोधणारी आरएनए चाचणी लागते, कारण प्रतिपिंडे बरे झाल्यावरही रक्तात राहतात. राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात 2018 पासून या तपासण्या आणि ‘बी’ व ‘सी’चे उपचार मोफत देण्याची तरतूद आहे, तर ‘बी’ची लस बाळाला जन्मानंतर 24 तासांच्या आत दिली जाते.