डबराच्या ढिगावरचं गाजर गवत

सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावच्या बाजूला एका बंद पडलेल्या दगडखाणीत ऑक्टोबरमध्ये मी गाजर गवताचं एक रोप उपटलं. उंची जेमतेम वीतभर, पानं पाच-सहा, तरी शेंड्याला पांढरी फुलं आलेली. हाकेच्या अंतरावर उसाच्या बांधावर हेच गवत माझ्या छातीला लागत होतं. खाणीतल्या रोपाचं सोटमूळ मात्र खडीच्या फटींतून वाट काढत, वाकडंतिकडं होत, वरच्या झाडापेक्षा लांब वाढलेलं.

बी एकाच जातीचं, पण जागा बघून ते अंगकाठी बदलतं. याला रूपलवचिकता म्हणतात. त्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या थांबावं लागत नाही. पाणी कमी पडलं की गाजर गवत वाढ आवरतं आणि आहे त्या ताकदीवर फुलावर येतं. ओल मिळाली तर उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात फूल, आणि चांगल्या पोसलेल्या एका झाडाला पंधरा हजारांवर बिया! १९५५ साली हे परदेशी तण पुण्यात पहिल्यांदा नजरेस आलं तेही उकिरड्यांवरच. उकरलेली, टाकून दिलेली जमीन त्याला पहिल्यापासून मानवते.

साताऱ्याचा काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. खाण सुरू करताना वरची माती आधी खरवडून काढतात, मग खडक फोडतात. मागे उरतो मुरूम, कच आणि डबर, म्हणजे फुटके टाकाऊ दगड. त्यात नत्र जवळपास नाही, कुजलेला पालापाचोळा नाही, आणि पाऊस पडला की पाणी थेट खाली निघून जातं. उन्हाळ्यात दुपारी त्या दगडावर हात ठेववत नाही.

कुसळी, पवन्या, मारवेल ही आपल्या माळाची गवतं खरं तर अशा भुकेल्या जमिनीत जगायला सरावलेली. पण त्यांचं बी वरच्या मातीत होतं, आणि मातीच गेली. म्हणून डबराचा ढीग नुसता कठीण नसतो, रिकामा असतो. तिथं जो आधी पोचेल तो बस्तान बसवतो. गाजर गवताचं बी वाऱ्याबरोबर येतं, ओढ्याच्या पाण्यातून येतं, डंपरच्या चाकांना लागलेल्या चिखलातूनही येतं. घाणेरी या दुसऱ्या तणाची फळं बुलबुल खातात आणि बिया विष्ठेतून टाकतात.

बरंचसं बी तर आपणच आणून ओततो. खाण बुजवताना शेताकडेची किंवा रस्त्याकडेची माती ट्रॉल्या भरभरून टाकली जाते. गाजर गवताचं वर पडलेलं बी लवकर संपतं, मातीत गाडलेलं कित्येक वर्षं जिवंत राहतं. माती पसरली की ते उजेडात येतं आणि पहिल्या पावसात ढीग हिरवागार होतो.

सुबाभळीची गोष्ट मला जास्त काळजीची वाटते. तिच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतलं नत्र बांधतात, त्यामुळे नत्र नसलेल्या मुरमातही तिचं अडत नाही. तिची पानं गळून कुजली की तेच नत्र जमिनीत उतरतं. ऐकायला हे चांगलं वाटतं. पण जमीन सुपीक झाली की भराभर वाढणाऱ्या तणांचं फावतं, आणि थोडक्यात भागवणारी माळाची गवतं सावलीखाली दबून जातात. म्हणून गवताळ माळ परत आणायचा असेल, तर डबरावर खत घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

खणायच्या आधी वरची माती वेगळी काढून ठेवावी आणि लवकरात लवकर तिथंच परत पसरावी. सोबत जवळच्या माळावरचं बी धरलेलं गवत कापून अंथरावं. तरवड, हिवर, बोर ही माण-खटावच्या कमी पावसात तगणारी झाडं लावावीत. पहिली दोन-तीन वर्षं गाजर गवत फुलायच्या आधी उपटत राहावं लागेल, त्याला पर्याय नाही.

त्या खाणीच्या वरच्या कडेला, जिथं यंत्र पोचलं नव्हतं, कुसळीचे चार झुबके उभे होते. परत निघालो तेव्हा पायजम्याला कुसळं टोचत होती. खाली बसून एकेक उपसून काढली आणि डबराच्या फटींत खोचली. कुसळ ओलं झालं की पीळ सोडत फिरतं आणि बी जमिनीत रुतवतं.