आज तो हवा होता

हॉस्टेलच्या गच्चीवर गिटार आली की दोन गोष्टी ठरलेल्या. कुणीतरी ‘विश यू वर हिअर’चा इंट्रो वाजवायला घेणार, आणि गाणं संपल्यावर कुणीतरी जाणकार आवाजात सांगणार, “त्यांचा मित्र वारला होता ना, त्याच्यावर आहे हे.” मीही हे असंच ऐकलं होतं आणि पुढे चार जणांना तितक्याच आत्मविश्वासाने सांगितलंही. ते चूक आहे. पिंक फ्लॉइड या इंग्लिश रॉक बँडने १९७५ मध्ये हे गाणं रेकॉर्ड केलं तेव्हा तो मित्र, सिड बॅरेट, जिवंत होता. लंडनमध्येच राहत होता. त्यानंतर आणखी एकतीस वर्षं जगला. आणि तो यांना सोडून गेला नव्हता, यांनी त्याला सोडलं होतं.

एवढी दुरुस्ती केली की तेच गाणं वेगळं ऐकू येतं. गेलेल्या माणसासाठी रडताना आपल्याकडे कुणी बोट दाखवत नाही. माणूस हयात आहे, त्याच शहरात आहे, आणि तरी तो आपल्यात नाही, आणि त्यात आपलाही हात आहे, ही गोष्ट घशाखाली उतरायला जास्त कठीण.

सगळं सुरू होतं केंब्रिजमध्ये. विद्यापीठाशी याचा संबंध नाही, ही त्या गावातल्या पोरांची गोष्ट आहे. पुढे या बँडचा बासवादक झालेला रॉजर वॉटर्स आणि बॅरेट एकाच शाळेतले, वॉटर्स दोन-तीन वर्षं पुढे. पुढे ज्याने या बँडची मुखपृष्ठं केली तो स्टॉर्म थॉर्गरसनही त्याच कंपूतला. पुढे बँडमध्ये गिटार वाजवणारा डेव्हिड गिल्मोर बॅरेटच्याच वयाचा. दोघांचा जन्म १९४६ चा. तांत्रिक महाविद्यालयात ही जोडी मधल्या सुट्टीत गिटार घेऊन बसायची, आणि १९६५ च्या उन्हाळ्यात दोघं फ्रान्समध्ये रस्त्यावर गाणी वाजवत हिंडली होती. पुढच्या सगळ्या प्रकरणात हे विसरून चालत नाही. बॅरेटच्या जागी जो आला तो कुणी परका नव्हता, त्याचा जिवलग मित्र होता.

बँड मात्र लंडनचा. वॉटर्स, निक मेसन आणि रिक राइट हे तिघं आर्किटेक्चरचे विद्यार्थी, बॅरेट चित्रकलेचा. पिंक अँडरसन आणि फ्लॉइड कौन्सिल या दोन अमेरिकन ब्लूज गायकांची नावं जोडून बँडचं नाव केलं ते बॅरेटने. गाणी त्याची, आवाज त्याचा, देखणेपणही त्याचंच. ऑगस्ट १९६७ मध्ये पहिला अल्बम आला, त्यातली बहुतेक गाणी त्याने लिहिलेली. तेव्हा त्याचं वय होतं एकवीस.

त्याच वर्षाच्या अखेरीला तो हातातून निसटत गेला. एलएसडी या भास घडवणाऱ्या ड्रगचं प्रमाण अफाट होतं हे सगळेच सांगतात. मुळात मन नाजूक होतं की प्रसिद्धीचा भार पेलला नाही, यावर आजही वाद होतात, आणि इतक्या लांबून निदान करण्यात अर्थ नाही. दिसत होतं ते असं: स्टेजवर गिटार गळ्यात आणि हात लोंबकळते. कधी सबंध कार्यक्रमभर एकच सूर. तालमीला त्याने एक नवं गाणं आणलं, आणि बाकीचे शिकू लागले की दर वेळी त्याची चाल बदलायची. तेवढ्यात हाच गाऊन विचारणार, ‘जमलं का अजून?’ बराच वेळ गेल्यावर वॉटर्सच्या लक्षात आलं की हे कधीच जमणार नाही अशीच त्याची रचना आहे, आणि त्याने बास गिटार खाली ठेवली. वेडेपणा आणि प्रतिभा यांतली रेघ कुठे मारायची, हा प्रश्न त्या खोलीतल्या प्रत्येकाला पडला असणार.

जानेवारी १९६८ पासून गिल्मोर बँडमध्ये आला. काही दिवस पाचही जण वाजवत होते. मग एके दुपारी साउदॅम्प्टनच्या कार्यक्रमाला निघताना गाडीत कुणीतरी विचारलं, सिडला घ्यायचं का? दुसरा म्हणाला, कशाला. गाडी त्याच्या घराकडे वळली नाही. भांडण नाही, निरोप नाही, राजीनामा नाही. एक वळण घ्यायचं ते घेतलं नाही, इतकंच. एप्रिलमध्ये रीतसर जाहीर झालं. पुढे त्याचे दोन एकल अल्बम १९७० मध्ये आले तेव्हा ते तडीस नेण्यासाठी पहिल्यावर गिल्मोर आणि वॉटर्सने, तर दुसऱ्यावर गिल्मोर आणि राइटने मेहनत घेतली. त्याला मैत्री म्हणा, प्रायश्चित्त म्हणा.

मार्च १९७३ मध्ये ‘द डार्क साइड ऑफ द मून’ आला आणि या चौघांचं आयुष्य बदललं. अमेरिकेतल्या सर्वाधिक खपाच्या अल्बमांच्या यादीत तो सातशेहून जास्त आठवडे राहिला. कॉलेजात असताना जे जे हवं असतं ते सगळं एका वर्षात मिळालं, आणि पुढे काय करायचं हे कुणालाच सुचेना. मध्यंतरी रबरबँड, वाइनचे ग्लास असल्या घरगुती वस्तूंवर अख्खा अल्बम करण्याचा घाट घातला होता, तो काही आठवड्यांतच गुंडाळला. जानेवारी १९७५ मध्ये ॲबी रोड स्टुडिओत बसले तेव्हा माणसं हजर आणि मनं गैरहजर अशी अवस्था होती. कुणाचा संसार मोडकळीला आलेला, कुणाला कंटाळा. या ‘हजर असून नसणं’ प्रकारावरच अल्बम करायचा, हे वॉटर्सला तिथे बसून सुचलं.

त्याला धागा होता गिल्मोरच्या चार सुरांचा. १९७४ च्या तालमीत तो सहज छेडून गेलेला, उत्तर न मिळालेल्या प्रश्नासारखा वाटणारा एक तुकडा. तो ऐकून वॉटर्सला बॅरेट आठवला आणि ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’ उभं राहिलं: नऊ भाग, जवळजवळ सव्वीस मिनिटं. ते सलग एका बाजूला ठेवावं असं गिल्मोरचं मत होतं. वॉटर्सला ते मधोमध कापून अल्बमच्या दोन टोकांना ठेवायचं होतं, आणि मतदानात तो जिंकला. मधल्या जागेत संगीताच्या धंद्यावर चिडलेली दोन गाणी आली, आणि आलं ते ‘विश यू वर हिअर’. अल्बमचंही नाव तेच.

आता जरा या गाण्याला कान लावा, शक्यतो हेडफोन लावून.

आधी रेडिओचा काटा फिरतो. हा आवाज गिल्मोरच्या गाडीतल्या रेडिओवरून घेतलेला आहे. कुणीतरी बोलतं, खरखर होते, क्षणभर चायकोव्हस्कीची चौथी सिम्फनी येते आणि जाते. मग एका स्टेशनवर काटा थांबतो आणि बारा तारांची गिटार सुरू होते, पण बारीक, पातळ, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखी. म्हणजे तीही रेडिओवरच लागली आहे. थोड्या वेळाने कुणीतरी खोकतं, नाक ओढतं. आणि मग अगदी जवळून, जणू आपल्याच खोलीतून, दुसरी गिटार त्या रेडिओतल्या गिटारीला साथ करू लागते. सुरुवातीला ती जरा चाचपडते, जागा शोधते.

एक माणूस खोलीत एकटा बसला आहे आणि रेडिओवर लागलेल्या गाण्याबरोबर वाजवतो आहे. दोन गिटारी, पण एक इथे आणि दुसरी कुठे तरी लांब, आणि लांबच्या गिटारीला हे माहीतही नाही की इकडे कुणी तिच्याशी बोलतंय. शब्द सुरू व्हायच्या आधी गाण्याने आपलं सगळं सांगून टाकलेलं असतं. माझ्या मते रसिकांचा गळा दाटतो तो इथेच, फक्त ते त्याचं श्रेय पुढच्या कडव्याला देतात.

तो खोकला गिल्मोरचा. रेकॉर्डवर तो ऐकून त्याने सिगारेट सोडली अशी एक कथा चाहते एकमेकांना सांगतात. खरी असो वा नसो, तो खोकला काढून टाकला नाही हे मात्र फार बरं केलं.

त्याच सुमारास शेजारच्या स्टुडिओत येहुदी मेनुइन आणि स्टेफान ग्रापेली हे दोन दिग्गज व्हायोलिनवादक रेकॉर्डिंग करत होते. मेनुइन आपल्याकडे रविशंकरांमुळे ओळखीचे, आणि ग्रापेलींनी पुढे एल. सुब्रमण्यम यांच्याबरोबर रेकॉर्ड केलं. ग्रापेलींना बोलावून या गाण्याच्या शेवटी वाजवून घेतलं, तीनशे पाउंड दिले आणि मिक्सिंगमध्ये ते इतकं दाबलं की कळूच नये. मग नाव तरी कशाला द्यायचं, म्हणून तेही दिलं नाही. २०११ च्या आवृत्तीत ते व्हायोलिन पूर्ण ऐकायला मिळालं. सुंदर आहे, पण गाण्याला त्याची गरज नव्हती असं माझं मत. एकट्या माणसाच्या खोलीत इतकं तयारीचं व्हायोलिन शोभत नाही.

नावाबद्दलही बोललं पाहिजे. इंग्लंडमध्ये समुद्रकिनारी सुट्टीला गेलेला माणूस घरी पोस्टकार्ड टाकतो त्यावरचं हे ठरलेलं वाक्य. हवा छान आहे, मजा येते आहे, तू इथे हवा होतास. आपल्या पत्रातल्या ‘बाकी सर्व क्षेम’इतकंच झिजलेलं. अल्बमच्या मूळ पाकिटात खरोखरचं एक पोस्टकार्डही घातलेलं होतं. मराठीत मात्र हे वाक्य गुळगुळीत झालेलं नाही. लग्नघरी अक्षता पडून गेल्यावर एखादी मावशी डोळ्यांना पदर लावून म्हणते, “आज दादा हवे होते.” त्यापुढे कुणी काही बोलत नाही. आपल्या कानाला हे गाणं थेट भिडतं त्यामागे हेही असेल.

आणखी एक साधं कारण म्हणजे हे गाणं वाजवता येतं. सी, डी, ए मायनर, जी, ई मायनर: गिटार क्लासला पहिल्या महिन्यात बोटांना फोड येईस्तोवर घोटून घेतात तेच कॉर्ड. ज्याला दुसरं काहीच येत नाही त्यालाही हे येतं. एकदा स्वतःच्या बोटांनी वाजवलं की गाणं थोडं आपलं होतं, आणि मग त्यातला ‘तू’ कोण हे ज्याचं त्याने ठरवावं.

वॉटर्सनेही तो ‘तू’ एकट्या बॅरेटपुरता ठेवलेला नाही. आपण आपल्याच आयुष्यात हजर आहोत का, हे स्वतःला विचारलेले प्रश्न आहेत असं त्याने नंतर सांगितलं. गिल्मोर मात्र म्हणतो की गाताना सिड आठवला नाही असं कधी होत नाही. बॅरेटचं खरं नाव रॉजर होतं, सिड हे टोपणनाव. एका रॉजरने लिहिलेल्या गाण्यातला ‘तू’ कुठला रॉजर, हे कोडं सोडवू नये हेच उत्तम.

आणि मग जून १९७५. अल्बमचं काम अंतिम टप्प्यात होतं. स्टुडिओत एक जाडजूड, डोकं आणि भुवयासुद्धा तासलेला माणूस येऊन उभा राहिला. कुणीतरी कामगार असेल म्हणून चौघांनीही दुर्लक्ष केलं. बऱ्याच वेळाने ओळख पटली. सात वर्षांपूर्वीचा तो देखणा पोरगा हाच. वॉटर्सला रडू कोसळलं. इतकं वजन कसं वाढलं या प्रश्नावर, घरी मोठा फ्रिज आहे आणि डुकराच्या मांसाचे चॉप खूप खातो, असं काहीसं तो म्हणाला. त्याला ‘शाइन ऑन’ ऐकवलं, ते त्याच्यावरच आहे हे त्याच्या लक्षात आलंसं दिसलं नाही. तारखेपासून पोशाखापर्यंत प्रत्येकाची आठवण थोडी वेगळी आहे, पण कुणीही त्याला पाहताक्षणी ओळखलं नाही, यावर सगळ्यांचं एकमत. एक गैरसमज इथेही आहे: तो आला म्हणून ‘शाइन ऑन’ लिहिलं असं नाही. त्याआधी वर्षभर ते कार्यक्रमांतून वाजत होतं. आपल्या नसण्यावरचं गाणं तयार होत असताना माणूस स्वतः येऊन बसला. असं कथेत लिहिलं तर संपादक परत पाठवेल.

अल्बम १२ सप्टेंबर १९७५ ला आला. मुखपृष्ठावर हस्तांदोलन करणारे दोघं, त्यातला एक पेटलेला. ती आग खरी होती: कॅलिफोर्नियातल्या बरबँकच्या स्टुडिओच्या आवारात स्टंटमन रॉनी रॉन्डेलला खरोखर पेटवलं होतं, आणि वारा फिरल्यावर ज्वाळा त्याच्या चेहऱ्यावर आल्या. एवढं करून ते चित्र काळ्या प्लास्टिकच्या वेष्टनात झाकून विकलं. मुखपृष्ठसुद्धा गैरहजर.

पुढे १९८० च्या दशकात वॉटर्स बाहेर पडला आणि कोर्टकज्जे झाले. २ जुलै २००५ ला लंडनच्या हाइड पार्कमध्ये चौघं चोवीस वर्षांनी एकत्र उभे राहिले ते जेमतेम चार गाण्यांपुरते. या गाण्याआधी वॉटर्स म्हणाला की जे इथे नाहीत त्यांच्यासाठी, आणि विशेषतः सिडसाठी. पुढच्या जुलैत, ७ तारखेला, सिड गेला. २००७ च्या फेब्रुवारीत वॉटर्स मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर आला तेव्हा सिडला जाऊन जेमतेम सात महिने झाले होते. २००८ मध्ये राइटही गेला.

बॅरेटने शेवटची पंचवीसेक वर्षं केंब्रिजमध्ये काढली, पुन्हा रॉजर होऊन. चित्रं काढायची, बाग करायची, सायकलवरून बाजारहाट. चाहते दारापर्यंत येत, तो दार उघडायचं टाळी. गाण्यांच्या मानधनाचे पैसे त्याच्यापर्यंत पोचतील याकडे गिल्मोर लक्ष ठेवून होता. नोव्हेंबर २००६ मध्ये केंब्रिजमध्येच त्याच्या सामानाचा लिलाव झाला. चित्रं, हाताने ठोकून केलेलं ओबडधोबड फर्निचर, आणि सायकल. एक लाख पाउंडांच्या वर रक्कम जमली.

पहिल्या अल्बमचं शेवटचं गाणं बॅरेटने सायकलबद्दलच लिहिलं होतं. त्यातला मुलगा मैत्रिणीला म्हणतो की तुला ही देऊन टाकली असती, पण मीच ती उसनी आणली आहे. लिलावातली सायकल त्याची स्वतःची होती.