ओपनिंग बुकच्या फायलींचे प्रमाणीकरण

बुद्धिबळाच्या प्रोग्रामला डावाच्या सुरुवातीच्या तयार चाली पुरवणारी फाईल म्हणजे ओपनिंग बुक. एका प्रोग्रामसाठी केलेले बुक दुसऱ्यालाही वाचता यावे, या खटाटोपाला येथे प्रमाणीकरण म्हटले आहे. कोणत्याही अधिकृत संस्थेने असे प्रमाण ठरवून दिलेले नाही. जे रूढ झाले ते वापराने.

डाव लिहून ठेवण्याची पीजीएन ही पद्धत स्टीव्हन एडवर्ड्‌स यांनी 1993 च्या सुमारास मांडली आणि ती सर्वत्र स्वीकारली गेली. बुकच्या बाबतीत असे झाले नाही. चेसबेस या प्रोग्रामची सीटीजी, अरेनाची एबीके, क्राफ्टीची स्वतःची फाईल अशा वाटा वेगळ्याच राहिल्या. 2000 साली आलेल्या यूसीआय संकेतांनीही (चाली शोधणारे इंजिन व पट दाखवणारा प्रोग्राम यांच्यातील संवादाचे नियम) फाईलच्या रचनेला हात घातला नाही. इंजिनाने स्वतःचे बुक वापरावे की नाही, एवढाच पर्याय त्यात आहे.

आज प्रमाणाच्या सर्वांत जवळ जाते ते पॉलिग्लॉट बुक. फ्रूट या इंजिनाचे कर्ते फाबियें लतुझे यांचा पॉलिग्लॉट हा मुळात यूसीआय इंजिने एक्सबोर्ड या पट दाखवणाऱ्या प्रोग्रामखाली चालवणारा दुवा. बुकची रचना त्याच्यासोबत, बहुधा 2004–05 च्या आसपास, पसरली. तिच्या प्रसाराचे श्रेय काही जण एक्सबोर्डला देतात. मात्र रचना खुली होती आणि कोणालाही तिचा वाचक लिहिता येत होता, हे कारण अधिक सबळ वाटते. सीटीजीची रचना प्रसिद्ध केलेली नसल्याने ती बाहेरच्यांना फायली उकलून शोधावी लागली.

पॉलिग्लॉटमधील प्रत्येक नोंद 16 बाइटांची असते: पटस्थितीची किल्ली (ती स्थिती ओळखणारी संख्या) 8, चाल 2, वजन (चालीला द्यायची पसंती) 2 आणि शिकण्यासाठी राखीव 4. नोंदी किल्लीच्या क्रमाने लावलेल्या असल्यामुळे दहा लाख नोंदींतून हवी ती सुमारे वीस पायऱ्यांत सापडते. किल्ली पटावरून काढत असल्याने वेगळ्या चालक्रमाने तीच स्थिती आली तरी बुक तिला ओळखते. किल्लीमागची कल्पना आल्बर्ट झोब्रिस्ट यांची, 1970 ची. त्यासाठी 781 यादृच्छिक संख्या लागतात: मोहरी व घरे यांसाठी 768, कॅसलिंगच्या (राजा व हत्ती एकाच चालीत हलवणे) हक्कांसाठी 4, एन पासाँच्या (दोन घरे पुढे आलेले प्यादे शेजारच्या प्याद्याने त्याने ओलांडलेल्या घरावर जाऊन मारणे) स्तंभांसाठी 8 आणि पाळीसाठी 1. ही यादी सर्व प्रोग्रामांत आकड्याआकड्याला सारखीच हवी. एक संख्या बदलली तरी ती जिथे लागते त्या सगळ्या स्थितींची किल्ली बदलते. डाव मांडल्याबरोबर मिळणारी किल्ली, सोळाच्या पायावर लिहिल्यास, 463b96181691fc9c यायला हवी. वाचक लिहिणाऱ्याने पहिली तपासणी हीच करावी.

खरी अडचण एन पासाँची. पांढऱ्याने ई2-ई4 खेळल्यावर फेन या पटस्थिती एका ओळीत लिहिण्याच्या पद्धतीच्या मूळ नियमानुसार ई3 हे घर नोंदवले जाते, मारणारे प्यादे असो वा नसो. पॉलिग्लॉट मात्र काळ्याचे प्यादे डी4 किंवा एफ4 वर असेल तेव्हाच ते किल्लीत धरतो. हा फरक न पाळणारा प्रोग्राम पहिल्याच चालीनंतर बुकाबाहेर पडतो, आणि दोष फाईलचा वाटतो. कॅसलिंगचेही तसेच: ती राजाने स्वतःच्या हत्तीला मारल्यासारखी, ई1-एच1 अशी, लिहिली जाते. ही पद्धत चेस960 या, मागच्या ओळीतील मोहरी फेरबदलून मांडण्याच्या प्रकारालाही चालते, कारण तिथे राजा व हत्ती कुठल्या घरांवरून निघतील हे ठरलेले नसते. प्रत्येक चाल एका संख्येत मावते; ई2-ई4 ची संख्या 796.

बाइटांचा क्रम मोठ्या टोकाकडून, म्हणजे सर्वांत मोठ्या किमतीचा बाइट आधी, असा आहे; त्यामुळे नेहमीच्या संगणकांवर तो वाचताना उलटवावा लागतो. ‘.बिन’ हे शेपूट पाहून फसू नये, क्राफ्टीच्या बुकलाही तेच आहे. राखीव 4 बाइटांकडे बहुतेक प्रोग्राम दुर्लक्ष करतात. चालींवरच्या खुणा आणि शेरे यांना या रचनेत जागाच नाही. सीटीजीतून पॉलिग्लॉटमध्ये आणलेल्या बुकात चाली आणि त्यांची वजने तेवढी उरतात.