‘हेवी रेन’ची सोयरीक कोणी जुळवली?

जळगाव किंवा धुळ्याच्या एखाद्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांच्या वह्या पाहा. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ, अशी पानंच्या पानं भरलेली असतात. एवढी मेहनत करूनही निबंधात ‘स्ट्रॉंग रेन’ उतरतो. व्याकरण म्हणाल तर बिनचूक: आधी विशेषण, मग नाम. तरी इंग्रजीत वाढलेल्या माणसाला ते खटकतं, कारण तिथे पाऊस ‘हेवी’ असतो. ‘स्ट्रॉंग’ चहा असतो आणि ‘पॉवरफुल’ इंजिन.

यात मुलांची बुद्धी कमी पडते असं मुळीच नाही. ‘कडक’ हा शब्द घ्या. भुसावळचं मे महिन्यातलं ऊन कडक, चहाही कडक; इंग्रजीत या दोन्ही ठिकाणी ‘स्ट्रॉंग’ चालून जातं. मग तिसऱ्या ठिकाणीही चालेल असं वाटणं साहजिकच आहे. पण शिस्त कडक झाली की तिथे ‘स्ट्रिक्ट’ लागतं. सवय निम्म्या वेळा बरोबर ठरते, म्हणूनच ती सुटत नाही.

आपल्या घरातही हेच चालतं. दूध नासतं, वरण आंबतं, भाकरी शिळी होते, शेंगदाणे खवट होतात. सगळीकडे बिघडणंच आहे, तरी ‘खवट दूध’ किंवा ‘नासलेले शेंगदाणे’ रावेर-यावलचं पोरसुद्धा म्हणणार नाही. हे त्याला कोणी शिकवलेलं नसतं. हजारदा कानावर पडून ते पक्कं झालेलं असतं.

ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी या शब्दसंगतीला भाषाअभ्यासात मानाचं स्थान दिलं. शब्द ओळखायचा तो त्याच्या संगतीवरून, असं त्यांनी 1957 मध्ये लिहिलं. पण संगत मोजायची कशी? त्यासाठी मजकुराचे मोठे संग्रह लागले. अमेरिकेत 1961 सालच्या छापील मजकुरातून दहा लाख शब्दांचा ब्राउन संग्रह तयार झाला. त्याच धर्तीवर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. व्ही. शास्त्री यांच्या नेतृत्वाखाली 1978 सालच्या भारतीय इंग्रजीचा तेवढाच संग्रह उभा राहिला. आपल्याच राज्यातलं हे काम आपल्याकडे फारसं कोणाला माहीत नाही, याची खंत वाटते.

मोजणी सोपी आहे. समजा, दहा लाख शब्दांत ‘हेवी’ 100 वेळा आला आणि ‘रेन’ही 100 वेळा. शब्द कसेही विखुरले असते, तर ‘हेवी’च्या लगेच पुढे ‘रेन’ येण्याची सरासरी अपेक्षा 100 गुणिले 100 भागिले दहा लाख, म्हणजे 0.01 वेळा. प्रत्यक्षात ही जोडी 10 वेळा सापडली, तर ती अपेक्षेच्या 1000 पट झाली. याला योगायोग म्हणता येत नाही. संगणकीय भाषाशास्त्रज्ञ केनेथ चर्च आणि कोशकार पॅट्रिक हँक्स यांनी 1990 च्या सुमारास ही मोजणी शब्दकोशकारांच्या हाती दिली.

या मापात एक खोट आहे. फार दुर्मीळ शब्द एकदाच शेजारी आले, तरी आकडा फुगतो. म्हणून जोडी मुळात किती वेळा दिसली, तेही पाहावं लागतं.

आणखी एक गंमत म्हणजे ही ओढ दोन्ही बाजूंनी सारखी नसते. ‘मुसळधार’ म्हटलं की पुढे पाऊसच येणार. पण पाऊस रिमझिम असतो, अवकाळी असतो, वळवाचाही असतो. इंग्रजीत ‘टोरेन्शियल’चं तसंच आहे, तो बहुतेक ‘रेन’लाच चिकटतो. त्यामुळे ‘टोरेन्शियल’ वहीत उतरवताना ‘रेन’सकटच उतरवावा. ‘रेन’साठी मात्र एक ओळ पुरणार नाही, तिथे ‘हेवी’, ‘लाइट’, ‘स्टेडी’ असे तीन-चार जोडीदार शेजारी लिहायला जागा सोडावी लागेल.