बुलेटचा कार्ब: अमल ते मिककार्ब, आणि "मोठा टाक" चं खूळ

जुनी कास्ट आयर्न (बिडाच्या सिलिंडरची) बुलेट खोलली की बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), सायलेन्सर, फिल्टर सगळं पटापट ठरतं आणि गाडं अडतं ते कार्बवर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणाऱ्या कार्ब्युरेटरवर येऊन. एकजण म्हणतो ३२ चा (म्हणजे ३२ मिमी भोकाचा) टाक, दुसरा म्हणतो ३४, आणि कंपनीने २४ च का दिला होता हे मात्र कोणी विचारत नाही. तिथूनच सुरुवात करायला हवी.

इंग्लंडात १९२७ साली बिंक्स, अमॅक आणि ब्राऊन अँड बार्लो ह्या तीन कार्बवाल्यांची मोट बांधून अमल कंपनी झाली, बर्मिंगहॅमला. रॉयल एन्फील्डचा रेडिचचा कारखाना तिथून जवळच, त्यामुळे १९४९ ची ३५० बुलेट आली ती अमल घेऊनच. त्या काळात तिकडे युद्धानंतरचं रेशनचं पेट्रोल मिळायचं, एकदम कमी ऑक्टेनचं, म्हणून कॉम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबायचं ते) ठेवलं साडेसहाला एक, बोअर ७० मिमी आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ९० मिमी. म्हणजे लांब स्ट्रोकचं, सावकाश श्वास घेणारं इंजिन, आणि त्याला साजेसा बारीक कार्ब. कंजूषपणा नव्हता तो.

१९५५ ला अमलने मोनोब्लॉक काढला, त्यात आधी बाजूला वेगळी लटकणारी फ्लोटची (पेट्रोलची लेव्हल राखणाऱ्या तरंगत्या भागाची) वाटी बॉडीतच ओतलेली आली, आणि योगायोग बघा, त्याच वर्षी मद्रासला एन्फील्ड इंडिया उभी राहिली. मग १९६७ ला कॉन्सेंट्रिक आला, ह्यात फ्लोट जेटच्या (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तुकड्याच्या) भोवतीच असल्यामुळे गाडी वळणात कलली किंवा ब्रेक दाबला तरी पेट्रोलची लेव्हल फारशी हलत नाही. रेडिचचा कारखाना बंद पडला तोही १९६७ लाच. गाडी इकडे आली, जगली, आणि कार्बचं घराणं तिकडचंच राहिलं.

अमलचं खरं दुखणं आहे धातूचं. बॉडी पण जस्ताच्या मिश्रधातूची आणि स्लाइड (हवेची वाट उघडणारा सरकता भाग) पण त्याच जातीची, दोघं एकमेकांवर घासत राहतात, काही वर्षांनी स्लाइड बोटाने हलवली की टकटक वाजते, बाजूने हवा आत शिरते आणि आयडलिंग काही केल्या एका जागी थांबत नाही. मिस्त्री स्क्रू फिरवून फिरवून दमतो. त्यात फ्लॅंजचे (कार्ब इंजिनला जोडणाऱ्या कडेचे) नट कोणी जोर लावून आवळले असतील तर फ्लॅंज वाकते आणि तिथूनपण हवा. असे कित्येक अमल "खराब ट्यूनिंग" म्हणून भंगारात गेलेत राव.

जपानच्या मिकुनीने अमलचंच लायसन्स घेऊन कार्ब बनवायला सुरुवात केली होती आणि त्यातून पुढे त्यांची व्हीएम मालिका रूढ झाली. चेन्नईची युकाल १९८५ ला मिकुनीच्या भागीदारीत आली आणि आपल्या सगळ्यांना माहीत असलेला मिककार्ब बुलेटवर दिसायला लागला, ३५० ला व्हीएम २४ आणि ५०० ला व्हीएम २८. म्हणजे मिककार्ब हा अमलचा लांबचा नातूच म्हणा. तीच गोल स्लाइड, जेटमध्ये वर-खाली होणारी तीच निडल, फक्त अमलच्या टिकलरवर बोट ठेवून पेट्रोल गळेपर्यंत दाबायचं ते गेलं आणि चोकची खिटी आली.

आता जरा आकडे बघू, कारण इथेच सगळी गंमत आहे. ३५० म्हणजे ३४६ सीसी आणि ५०० म्हणजे ४९९, साधारण ४४ टक्के जास्त. २४ च्या भोकाचं क्षेत्रफळ ४५२ चौरस मिमी, २८ चं ६१६, म्हणजे ३६ टक्के जास्त. कंपनीने सरळ हवेचा वेग जवळपास तोच ठेवला. बोअर ८७ चा करून ५३५ सीसीचं किट टाकलं तर सीसी वाढते फक्त ७ टक्के, त्या हिशोबाने कार्ब लागतो २९ चा. कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा भाग) आणि हेडचं काम केलं असेल तर ३० धरा. ३२ चं भोक २८ पेक्षा ३० टक्के मोठं, तिथे कमी आरपीएमला हवा रेंगाळते, जेटमधून पेट्रोल नीट ओढलं जात नाही आणि ज्या पिकअपसाठी एवढा खर्च केला तोच जातो. रेसिंगला ठीक आहे, ताम्हिणी घाटात तिसऱ्या गिअरवर नाही.

२००० च्या आसपास एव्हीएल ह्या ऑस्ट्रियन कंपनीचं लीन बर्न (कमी पेट्रोल, जास्त हवेवर चालणारं) इंजिन आलं तेव्हा त्याच्याबरोबर बीएस २९ हा सीव्ही कार्ब आला. ह्यात स्लाइड आपण नाही उचलत, इंजिनचं व्हॅक्यूम उचलतं, म्हणून स्टॉक गाडीला तो झकास, पण ओपन फिल्टर आणि "हॉट" कॅम (व्हॉल्व्ह जास्त उघडणारा) लावलेल्या सिंगल सिलिंडरला चिडचिडा होतो.

जेट बदलताना एक घोळ कायम होतो. अमलच्या जेटवरचा नंबर म्हणजे मिनिटाला किती सीसी पेट्रोल जातं ते, केहिन ह्या जपानी कार्बच्या जेटवरचा नंबर म्हणजे भोकाचा व्यास, ११० म्हणजे १.१० मिमी. एकाचा नंबर बघून दुसऱ्याचा जेट आणला की संपलं.

आणि २०२३ पासून पंपावर ई २० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) यायला लागलं. निव्वळ पेट्रोलला हवा साधारण १४.७ पट लागते, ई २० ला साडेतेराच्या आसपास, म्हणजे जुना जेट तसाच ठेवला तर मिक्श्चर सात-आठ टक्के लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) झालंच, आणि एअर कूल्ड इंजिन लीन चाललं की तापतं, प्लग पांढरा पडतो. त्यामुळे आज काम काढणाऱ्याने आधी आहे त्याच कार्बचा मेन जेट एक-दोन नंबर वाढवून, निडलची क्लिप एक खाच खाली करून, प्लगचा रंग बघावा, आणि मगच नवीन कार्बच्या दुकानाची पायरी चढावी.