तापाची किटवरची तपासणी: आशाताईकडे जाताना काय लागतं, काय नाही

"ताई, रेशनकार्ड माहेरच्या नावावर आहे, चालेल का?" शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर पावसाळ्यात हा प्रश्न ऐकायला मिळतो. चालेल. कार्ड नसलं तरी चालेल. हिवतापाच्या रॅपिड टेस्टला, म्हणजे गावात ज्याला नुसतं 'किट' म्हणतात त्याला, अर्ज नाही, फी नाही, आधारची अट नाही.

पात्रता एकच, ताप. तपासणीच्या वेळी अंग गरम असायला हवं असंही नाही. हिवताप चढतो-उतरतो, त्यामुळे काल हुडहुडी भरली आणि आज बरं वाटतंय, तरी रक्त द्यावं. मतदारयादीत नाव कुठलं, हा प्रश्नच येत नाही. भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर आलेली कातकरी कुटुंबं जिथे मुक्कामाला असतील, त्याच गावच्या आशाताईकडे जाऊ शकतात.

ही माहिती ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर, मुरबाड, भिवंडी, कल्याण आणि अंबरनाथ या पाच तालुक्यांतल्या ग्रामीण भागाची. महापालिकेच्या हद्दीत राहत असाल, मग ते ठाणे असो की नवी मुंबई, तर जवळच्या पालिका आरोग्य केंद्रात जा.

कागद नको, माहिती हवी

आशाताई तिच्या नोंदीत रुग्णाचं नाव, वय, पाडा, मोबाइल नंबर आणि ताप सुरू झाल्याची तारीख लिहिते. ही तारीख घरात विचारून जा, "चार-पाच दिवस झाले असतील" एवढ्यावर भागवू नका. गेल्या महिन्याभरात कुठे मुक्काम केला, तेही सांगा. खासगी डॉक्टरांच्या गोळ्या चालू असतील तर पाकीटच सोबत न्या.

एक गोष्ट हमखास सांगायची राहते. अलीकडेच फॅल्सिपेरम या प्रकारचा हिवताप होऊन गेला असेल, तर तो बरा झाल्यावरही किट काही आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकतं. ताईला हे ठाऊक नसलं तर ताप दुसऱ्याच कशाचा असायचा आणि गोळ्या हिवतापाच्या सुरू व्हायच्या.

वीस मिनिटं

ताई आधी पाकिटावरची मुदत बघते. मग बोट पुसून टोचते, थेंबभर रक्त पट्टीवर घेते आणि ठरलेले द्रावणाचे थेंब टाकते. पंधरा ते वीस मिनिटांत रेघा उमटतात. 'सी'ची, म्हणजे किट नीट चालतंय हे दाखवणारी, रेघ आलीच पाहिजे. ती नसेल तर बाकी काहीही दिसलं तरी ती पट्टी बाद, नवं किट उघडायचं. 'सी'सोबत दुसरी रेघ आली तर हिवताप. सरकारी किटवर व्हायव्हॅक्स आणि फॅल्सिपेरम हे हिवतापाचे दोन प्रकार वेगवेगळे ओळखता येतात, आणि दोन्हींचे उपचार वेगळे आहेत. तासाभराने परत येऊन "आता पुसट रेघ दिसतेय" म्हणण्यात अर्थ नाही, उशिरा दिसलेली रेघ धरत नाहीत.

किटसोबत काचेवरही रक्त घेतात. निगेटिव्ह येऊनही शंका राहिली तर ती स्लाइड प्रयोगशाळेत जाते. आणि हे किट फक्त हिवतापाचं. डेंग्यू किंवा भातशेतीच्या चिखलातून होणारा लेप्टो त्यात दिसत नाही. निगेटिव्ह आलं आणि ताप तसाच आहे, तर घरी बसू नका, प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा.

चौदा दिवसांच्या गोळ्या

खरी गडबड इथे होते. व्हायव्हॅक्सला क्लोरोक्विन तीन दिवस आणि प्रायमाक्विन चौदा दिवस. तिसऱ्या दिवशी ताप जातो, माणूस लावणीला जातो आणि उरलेल्या गोळ्यांची पट्टी फळीवर पडून राहते. रक्तातले जंतू गेलेले असतात, पण यकृतात दडलेले प्रायमाक्विनशिवाय मरत नाहीत. काही आठवड्यांनी तोच माणूस पुन्हा थंडीने कुडकुडतो, आणि लोक म्हणतात सरकारी गोळी लागू पडत नाही. फॅल्सिपेरमचे उपचार तीन दिवसांत संपतात, पण तो अंगावर काढला तर जिवावर बेततो.

क्लोरोक्विन उपाशीपोटी घेऊ नका. बाई गरोदर असेल तर गोळी हातात घेण्याआधी सांगा, कारण प्रायमाक्विन गरोदर बाईला आणि वर्षाच्या आतल्या बाळाला देत नाहीत. गोळ्या चालू असताना लघवी काळपट झाली तर त्या थांबवून लगेच दवाखान्यात जा.

झटके, ग्लानी, सतत उलट्या, पिवळे डोळे, धाप, यांपैकी काहीही दिसलं तर किटची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा.

स्वतः आशा व्हायचं असेल तर

निवड ग्रामसभेमार्फत होते. बाई त्याच गावची रहिवासी हवी. लग्न झालेल्या, विधवा किंवा घटस्फोटित महिलांना प्राधान्य असतं. आदिवासी भागात आठवी पास आणि वय २० ते ४५, बाकी ठिकाणी दहावी पास आणि वय २५ ते ४५. इथे मात्र कागद लागतात: शाळेचा दाखला, गुणपत्रिका, रहिवासाचा पुरावा. जागा निघाली का, ते ग्रामपंचायतीत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. ही पगारी नोकरी नाही, मोबदल्याचा मोठा भाग कामागणिक मिळतो. तापाच्या रुग्णाचं रक्त घेतल्याचे कित्येक वर्षं पंधरा रुपये होते, त्यातच पाड्यापर्यंतची पायपीटही आली.