तिसऱ्यांच्या टोपापासून काचेच्या टाकीपर्यंत

बाजारातून आणलेल्या तिसऱ्या वाळू सोडाव्यात म्हणून मिठाच्या पाण्यात टाकून ठेवायच्या, ही गोव्यातल्या स्वयंपाकघरांतली जुनी रीत. जिवंत शिंपला घरात सांभाळण्याचा आपला अनुभव एवढाच, विळीपाशी जाईपर्यंतचा. खाऱ्या पाण्याची टाकी लावल्यावर मीही आधी तिसऱ्याच सोडल्या. काही दिवस वाळूत रुतून बसल्या, मग एकेक करून वर येऊन उघड्या पडल्या. वास घरभर.

कारण साधे होते. तिसऱ्या, खुबे, शिनाणे हे सगळे पाणी गाळून खाणारे जीव. मांडवी-झुआरीच्या गढूळ पाण्यात सूक्ष्म शैवालाची खाण असते. टाकी लावणारा मात्र पाणी लख्ख करण्याच्या मागे असतो, आणि ते लख्ख पाणी म्हणजे त्यांच्यासाठी दुष्काळ.

मृदुकाय, म्हणजे शिंपले-गोगलगायी-अष्टपादांच्या गटातले, प्राणी काचेत ठेवून अभ्यासण्याची सुरुवातही तशी जुनी. 1832 च्या सुमारास सिसिलीत जान विल्प्रो-पॉवर या संशोधिकेने अर्गोनॉट या कवचधारी अष्टपादाच्या जातीसाठी काचेच्या टाक्या करवून घेतल्या. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात 1853 मध्ये मत्स्यालय उघडले. पण आज हौशी लोक ज्याला ‘क्लॅम’ म्हणतात तो ट्रायडॅक्ना, म्हणजे महाकाय शिंपला, घरच्या टाकीत यायला आणखी शंभरावर वर्षे जावी लागली. त्याचे पोट कशावर भरते तेच नीट कळले नव्हते.

1928-29 मध्ये सी. एम. यंग यांच्या नेतृत्वाखालची मोहीम ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर वर्षभर राहिली. या शिंपल्याच्या कडेने पसरणाऱ्या रंगीत झालरीत, म्हणजे प्रावारात, सूक्ष्म शैवाल नांदते आणि शिंपला त्यावर जगतो, असे यंग यांनी मांडले. शिंपला हे शैवाल पचवतो अशी त्यांची समजूत होती. मुख्यतः जिवंत शैवालाने तयार केलेली साखरच त्याला मिळते, हे पुढे स्पष्ट झाले. थोडक्यात, याला ऊन खायला घालायचे.

तेवढे ऊन घरात आणणारे मेटल हॅलाइड दिवे 1980 च्या दशकात जर्मन हौशींनी रुळवले. त्यांचीच दुसरी युक्ती म्हणजे पाण्यातला कॅल्शियम भरून काढायला टाकीत घालायची चुन्याची निवळी. कवच वाढवायला शिंपला पाण्यातला कॅल्शियम ओढून घेतो, तो लिटरला 400 ते 450 मिलिग्रॅमच्या आसपास राखावा लागतो. शिंपले भाजून चुना करणाऱ्या आणि त्याने घरे बांधणाऱ्या गोव्याला ही उलटी वाट गमतीची वाटावी.

त्याच सुमारास मांसासाठी आणि कवचांसाठी समुद्रातला उपसा इतका वाढला, की 1985 पर्यंत हे सारे कुळ आंतरराष्ट्रीय व्यापारनियंत्रणाच्या यादीत गेले. पलाऊमध्ये त्यांची पैदास केंद्रात होऊ लागली होती, त्यामुळे जगभरच्या हौशींना पाळीव पिल्ले मिळू लागली.

आपल्याकडे ही वाट बंद आहे म्हटले तरी चालेल. ट्रायडॅक्ना मॅक्सिमा आणि स्क्वामोसा या जाती 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. बाहेरून आणलेल्या जातींनाही परवाने लागतात. शिवाय दोना पावलाच्या किनाऱ्यावरून टाकीसाठी कॅन भरून समुद्राचे पाणी आणणाऱ्यांनी पावसाळ्यात ते तपासून घ्यावे. नद्यांच्या पुरात क्षारता पार उतरते. तिसरी कवच मिटून दिवस काढते, प्रवाळबेटांवरच्या ट्रायडॅक्नाला ते जमत नाही. त्याला हजारी 35 च्या (हजार भाग पाण्यात 35 भाग क्षार) आसपासची क्षारता बारमाही लागते.

हाताशी उरतात त्या पुन्हा तिसऱ्याच. हल्ली मी त्यांना बाटलीत वाढवलेले शैवालाचे हिरवे पाणी रोज थोडे थोडे देतो. तिसऱ्या टिकल्या आहेत, फक्त काच दर दोन दिवसांनी घासावी लागते.